माहेरचे नाव आणि अक्षरांची उलटापालट



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला आणि मला माझ्या सासूबाईंची आठवण आली. साऱ्या कारध्यात त्या सुशीलाबाई म्हणून ओळखल्या जात. शेवटच्या दुखण्यात दोन दिवस त्या बोलल्या नव्हत्या. मामेसासरे भेटीस आले, उशाशी बसले आणि त्यांनी "राधे" अशी हाक मारली. सासूबाईंनी डोळे उघडले. वीस वर्षे त्यांच्या हाताखाली वावरले, पण त्यांचे पहिले नाव मला त्या दिवशी कळले!

तेव्हापासून मला नावांचा नाद लागला. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून कानात सांगितलेले नाव बारशाचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव सासरचे. पहिले नाव त्या तांदळाखाली झाकले जाई. मोठमोठ्या स्त्रियांचीही हीच कथा आहे. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एम. डी. झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाच्या रमाबाई रानडे, त्याही यमुनाच. झाशीची राणी लक्ष्मीबाई मूळची मणिकर्णिका आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. दोघींचे नाव नदीचे, दोघींचे काशीच्या घाटाचे. चारही नावे सासरी पुसली गेली.

नाव बदलण्याची आणखी एक रीत आहे, ती म्हणजे त्यातील अक्षरेच फिरवण्याची. ही कला फार जुनी. व्याकरणकार तिला वर्णविपर्यय म्हणतात. 'हिंस्' या धातूपासून 'सिंह' शब्द झाला, असे पतंजलीच्या महाभाष्यात सांगितले आहे. वाराणसीचे बनारस झाले तेही असेच, 'र' आणि 'न' यांनी जागा बदलून. आपल्या बोलण्यात नुकसानीची 'नुसकानी' होते, ती याच वाटेने. आणि वाल्या कोळ्याची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? 'मरा मरा' म्हणता म्हणता त्याच्या मुखी 'राम' आला. एकशे आठ रामायणे रचणाऱ्या मोरोपंतांनी तर ओठांना ओठ न लावता म्हणता येणारे 'निरोष्ठ रामायण' लिहिले. अक्षरांशी खेळण्याची हौस आपल्याकडे अशी जुनी आहे.

इंग्रजीत सुटी मुळाक्षरे फिरवतात. आपण काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर उचलतो. दुपारी धान्य निवडताना करून पाहा. 'रजनी'चे 'नीरज' होते, रात्रीचे कमळ! 'लता'चा 'ताल' होतो, 'कमल'ची 'कलम' होते. आणि सासूबाईंच्या 'राधा'ची 'धारा' होते, आपल्या वैनगंगेची धाराच जणू. 'कारधा' शब्दातला पहिला काना काढून 'र'ला द्या, म्हणजे 'क'पाठोपाठ 'राधा' उभी राहते! हा नुसता खेळ हो, गावाच्या नावाचा इतिहास नव्हे. पण ज्या गावात त्यांचे नाव कोणी घेतले नाही, त्याच गावाच्या नावात ते सापडावे, याचे मला नवल वाटते.

या खेळाने मला एक गोष्ट शिकवली. अक्षरांच्या उलटापालटीत काहीच हरवत नाही. जागा बदलते, अर्थ बदलतो, पण प्रत्येक अक्षर शिल्लक राहते. तांदळाच्या ताटात मात्र जुने नाव समूळ जाते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, ती केवळ रूढी आहे. आता काळही पालटतो आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावापाठोपाठ आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. इतके दिवस बाळाच्या पूर्ण नावात जागा नसलेली आई बाळाच्या शेजारी येऊन बसली!

माझी एक विनंती आहे. यंदाच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या वहीत प्रत्येकीने आपले माहेरचे नावही लिहावे. ज्या गेल्या, त्यांची नावे त्यांच्या लेकीसुनांनी विचारून लिहावीत. पहिल्या ओळीवर मी 'राधा' लिहीन.