दौंडची आमदारकी आणि आपले मत



दौंडची विधानसभेची जागा खुली आहे, राखीव नाही. मग आमदार कोणी का होईना, आपल्याला काय त्याचे, असे आपल्या वस्तीत पुष्कळदा बोलले जाते. या बोलण्यात कितपत तथ्य आहे, ते इतिहासाच्या आधारे पाहावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मताचा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. इंग्रजी अमदानीत शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण असेल त्यालाच मत. आपल्या वाडवडिलांकडे यातले काय होते? १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी मताधिकार व स्वतःचे प्रतिनिधी मागितले. १९३२ च्या जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. पण आपल्याच जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात, गांधीजींनी उपोषण धरले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा मात्र ७१ च्या १४८ झाल्या. पुढे राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला एक मत दिले. १९५१-५२ साली बागायतदार आणि त्याच्या रानातला मजूर एकाच रांगेत उभे राहिले.

आता दौंडकडे येऊ. १९९०, १९९५ आणि १९९९ अशा तीन वेळा सुभाषअण्णा कुल निवडून आले. त्यांच्या निधनानंतर पत्नी रंजनाताई आमदार झाल्या, २००४ लाही त्याच आल्या. २००९ साली रमेशअप्पा थोरात अपक्ष म्हणून जिंकले. २०१४ ला सुभाषअण्णांचे चिरंजीव राहुल कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून आणि २०१९ व २०२४ ला भाजपकडून निवडून आले. पक्ष बदलत राहिले, पण १९९० पासून आमदारकी दोनच घरांत फिरली.

यात आपण कुठे? २०१९ चा निकाल बघा. फरक फक्त ७४६ मतांचा! एका मतदान केंद्राच्या यादीत जवळपास तेवढी नावे असतात. म्हणजे जागा खुली असली तरी यवत, पाटस, केडगाव, कुरकुंभ आणि दौंड शहरातल्या आपल्या मतांना वजन आहे. ते ओळखून रस्ता, पाणी, वसतिगृह मागायचे, की मतदानादिवशी घरी बसायचे, हे आपल्याच हाती आहे.

राखीव जागांचेही नीट समजून घेऊ. १९५६ ला धम्मदीक्षा घेतली, पण केंद्राच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले ते १९९० साली. मध्ये चौतीस वर्षे गेली. २००८ च्या पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यात पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाले. त्याआधी पर्वती राखीव होता. या जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर ठरतात. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवली. म्हणून शिरगणतीवाला दारात आला, की धर्म बौद्ध सांगा आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतली आपली जात न चुकता सांगा. जातीच्या जागीही नुसते 'बौद्ध' लिहिले, तर आपली संख्या कमी दिसेल आणि त्याचा फटका पुढच्या पिढीला बसेल.

मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे का, हे आजच पाहा. लेकी-सुनांची नावे आधी पाहा.

जय भीम!