खलनायकाचा ऐवज : लूट, यादी आणि भीमातीर

१

कथेतील खलनायक ओळखावा कसा, या प्रश्नाचे आपल्या पुराणपरंपरेने दिलेले उत्तर त्याच्या स्वभाववर्णनापेक्षा त्याच्या कोठारात अधिक स्पष्टपणे सापडते. रावणाचे पुष्पक विमान कुबेराचे, लंकाही मुळात कुबेराचीच. नरकासुराकडे अदितीची कुंडले, वरुणाचे छत्र, मंदराचे रत्नमय शिखर आणि बंदिवासातील सोळा सहस्र स्त्रिया. या दोघांचे वर्णन म्हणजे बव्हंशी दुसऱ्यांच्या मालमत्तेची यादी होय. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये लोककथेच्या रूपविचारात खलकृत्यामुळे निर्माण होणारा अभाव आणि त्या अभावाचे निवारण या दोन टोकांमध्ये कथानक ताणलेले असते असे दाखवले. मात्र हरवलेली वस्तू परत आली की अभाव संपतो, हे त्याच्या मांडणीत गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत निबंधाचा रोख या गृहीतकावर आहे.

पुराणकथाच ते पुरते मान्य करीत नाहीत. रामाने पुष्पक कुबेराला परत पाठवले, परंतु लंका बिभीषणाकडे राहिली. कृष्णाने कुंडले अदितीला पोचवली. पण त्याच फेरीत इंद्राच्या बागेतील पारिजात उपटून तो द्वारकेस घेऊन आला. आणि त्या सोळा सहस्र स्त्रिया? कुंडलांप्रमाणे त्यांना 'परत' करता येईना, म्हणून कृष्णाने त्यांचा स्वीकार केला. एकाच कथेत परतावा, नवे हरण आणि परताव्याची अशक्यता अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. परंपरेला हा प्रश्न ठाऊक होता. तिने तो सोडवल्याचा आव आणला नाही.

आधुनिक करमणुकीनेही हीच रचना उचलली आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. त्यात खलपात्राच्या खजिन्यात काय काय सापडावे याचे तक्तेच दिलेले असतात. खेळणारे त्या वस्तूंवरून तर्क लढवतात: हा मुकुट कोणत्या राज्याचा, ही तलवार कोणाकडून हिरावलेली, ती विकावी की मूळ धन्याला द्यावी. कोठारातील वस्तूंवरून कोठारवाल्याचे चरित्र रचण्याचा हा उद्योग तिथे खेळ म्हणून चालतो. सोलापूरच्या परिसरात, भीमेच्या दोन्ही तीरांवर, तोच उद्योग गेली काही शतके इतिहास म्हणून, श्रद्धा म्हणून आणि संशोधन म्हणून चालू आहे. तिथे त्याचे परिणाम खेळाइतके निरुपद्रवी नसतात.

२

प्रथम मोजता येणाऱ्या ऐवजाचा विचार करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याची छावणी शिवाजी महाराजांच्या हाती आली. त्या लुटीचे ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट असे आकडे सांगितले जातात. शिवाय कापडाचे गठ्ठे, जवाहीर, नगद. बखरीतील अशी यादी हिशेबासाठी असते हे खरे. पण ती कथनाचेही काम करते. पराभूताचे मोठेपण तिच्यातून सिद्ध होते आणि त्या मोठेपणातून जेत्याचे. महत्त्वाचे असे की या यादीतील कोणत्याही नगाचा मूळ धनी विचारला जात नाही. खानाच्या छावणीतले घोडे कोणत्या पागेतून, कापड कोणत्या पेठेतून आले, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मोजता येणारी वस्तू हात बदलते आणि पूर्वेतिहास विसरते.

काही वस्तूंना मात्र विसरता येत नाही, कारण नेणाऱ्यांनीच त्यांच्या अंगावर लिहून ठेवलेले असते. 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापुरास नेली. तिची जोडीदार तोफ नदी ओलांडताना बुडाली असे लोकपरंपरा सांगते. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. निजामशाहीची तोफ आदिलशाहीने नेली आणि मोगलांनी जागेवरच 'आपली' केली. त्यासाठी ती हलवण्याचीही गरज पडली नाही, अक्षरे पुरली.

ही रीत कोणा एका धर्माची नव्हे. अकराव्या शतकाच्या मध्यास चोळ राजा राजाधिराज याने चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळली आणि तिथली द्वारपालाची मूर्ती तमिळ देशी नेली. ती आपण कल्याणपुर जाळून आणली, असा लेख त्याने तिच्यावर कोरविला. रिचर्ड डेव्हिस यांनी भारतीय मूर्तींच्या चरित्रांवरील १९९७ च्या ग्रंथात अशा हरणांची चिकित्सा केली आहे. तिच्यातून एक गोष्ट निश्चित होते: ज्याला आपण चोरी म्हणतो, तिला करणारा कीर्ती म्हणत होता. चोर खूण पुसतो, जेता खूण कोरतो.

खुद्द सोलापूरचा किल्ला या दृष्टीने पाहावा. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील बीबी मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. सोलापूर हुंड्यात मिळायचे होते असे निजामशाहीचे म्हणणे आणि तसे वचन आपण दिले नव्हते असे आदिलशाहीचे. या एका वादावरून पुढे लढाया झाल्या. काही दशकांनी चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा तेच सोलापूर उलट दिशेने हुंड्यात गेले. ज्या किल्ल्यावर दोन्ही घराणी आपला हक्क सांगत होती, त्याच्या तटाच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या मंदिराचे अवशेष आहेत. त्या मंदिराचा हक्क दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात कुठेच येत नाही. ऐवजाच्या भांडणात सर्वांत जुना धनी बहुधा मुका असतो.

३

आता मोजता न येणाऱ्या ऐवजाकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या काळात, आपली बखर सिद्ध केली. तीत अफझलखानाने तुळजापूरची भवानी फोडून जात्यात भरडली आणि पंढरपूरच्या देवालाही उपद्रव दिला, असे सांगितले आहे. घटनेनंतर सुमारे ३८ वर्षांनी लिहिलेल्या या मजकुराचे कथनातील स्थान उघड आहे. देवी भरडली जाताच खानाचा मृत्यू नैतिकदृष्ट्या अटळ होतो. पुढचा प्रसंग देवीच्या कोपाने घडतो आणि महाराज त्या कोपाचे साधन ठरतात.

परंतु तुळजापुरात आज मूर्ती आहे आणि मंदिराची परंपरा ती प्राचीनच मानते. संकटकाळी मूर्ती हलवून लपवली गेली, असे तिथे सांगतात. ही मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासनावरून उचलून पलंगावर निद्रेसाठी नेली जाते. म्हणजे मूर्ती उचलणे ही गोष्ट या उपासनेत अपवादाची नव्हे, नित्याची आहे. बखरीला मूर्तीचा विध्वंस हवा आहे, क्षेत्राला मूर्तीचे सातत्य. दोन्ही कथने एकाच वेळी शब्दशः खरी असू शकत नाहीत. तरीही आपल्या समाजाने दोन्ही जपली. खलनायकाची दुष्टता सांगायची तेव्हा पहिली आणि नवस फेडायला जायचे तेव्हा दुसरी.

याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे होईल. दोन कथनांची दोन प्रयोजने आहेत, आणि ती जोवर आपापल्या जागी असतात तोवर कोणाचे बिघडत नाही. अडचण येते ती बखरीचे वाक्य पंचनाम्याप्रमाणे वाचले जाते तेव्हा. तसे वाचले की आज गाभाऱ्यात उभी असलेली मूर्तीच संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहते, आणि तिला तिथे उभे करणारा खान नसून आपण असतो. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची नवी मूर्ती स्थापिली ती या संदर्भात लक्षणीय वाटते. त्या स्थापनेने तुळजापूरचे महत्त्व उणे झाले नाही आणि प्रतापगडची मूर्ती 'नक्कल' ठरली नाही. हिशेबाच्या भाषेत एकाची दोन झाली. उपासनेच्या भाषेत एकच राहिली.

४

पंढरपूरची कथा याहून गुंतागुंतीची आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीस नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. महिपतीच्या 'भक्तिविजया'त ही कथा विस्ताराने येते. येथे मूर्ती नेणारा राजा विधर्मी नाही, मूर्तिभंजकही नाही. तो भक्त आहे आणि भक्तीपायीच त्याने देव नेला. त्याने विठ्ठलाला मंदिरात बसवले, रत्नहार घातले, पहारे ठेवले. खलनायकाच्या आपल्या कल्पनेला या पात्रापाशी अडखळावे लागते.

कथेचा मध्यबिंदू मात्र देव नसून देवाचा हार आहे. भानुदास विजयनगरास पोचतात. देव प्रसन्न होऊन आपल्या गळ्यातील हार त्यांना देतो. सकाळी हार गायब असल्याचे ध्यानात येते, तो भानुदासांपाशी सापडतो आणि त्यांना सुळाची शिक्षा होते. सुळाला पालवी फुटते, राजाला उपरती होते, देव लहान होऊन भानुदासांबरोबर पंढरीस येतो. या कथेतील न्यायाची उलथापालथ पाहण्याजोगी आहे. ज्याने देव नेला तो न्यायासनावर बसला आहे आणि जो देवाचा माग काढीत आला तो चोर ठरला आहे. हार मोजता येतो, त्याची यादीत नोंद आहे, म्हणून त्याची चोरी सिद्ध होते. देव यादीत नाही, म्हणून त्याच्या चोरीची फिर्यादच दाखल होत नाही. मोजता येणारा आणि न येणारा ऐवज यांतील जो भेद आपण वर केला, तो या कथेने एका हाराच्या आधारे स्वतःच करून ठेवला आहे.

कथा ऐतिहासिक की काल्पनिक, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. हंपीचे विठ्ठलमंदिर उभे आहे, त्याचा गाभारा रिकामा आहे. एवढी वस्तुस्थिती कथेला टेकण्यापुरती आहे. रिकामा गाभारा काहीच सिद्ध करीत नाही, पण कथेला तो पुरेसा असतो.

५

मूर्ती हलवण्याचे प्रसंग पुढेही आले. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी भीमेकाठी, माचणूरजवळ ब्रह्मपुरीस होती. त्या काळात विठ्ठलाला देगावी पाटलाच्या आश्रयाने ठेवल्याची परंपरा आहे. त्याआधी अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती माढ्यास नेल्याचे सांगतात. या माढ्याच्या धाग्यावरच डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात आपला बहुचर्चित सिद्धान्त उभारला. पंढरपूरच्या संस्कृत स्थलपुराणात मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे असल्याचे म्हटले आहे; ती माढ्याच्या मूर्तीवर आढळतात; सबब आद्य मूर्ती माढ्यास राहिली असावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो वादविषयही झाला.

ढेऱ्यांच्या सिद्धान्ताची सत्यासत्यता मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी ठरवावी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यातील वाचनाचे तंत्र. ढेरे संहितेतील वर्णन हे वस्तूचे ओळखपत्र मानतात. जी मूर्ती वर्णनाशी जुळते ती खरी. या पद्धतीत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे: वर्णन मूर्तीवरून लिहिले गेले, की मूर्ती वर्णनावरून घडवली गेली? दुसरी शक्यता मान्य केली तर माढ्याची मूर्ती हे आद्यत्वाचे प्रमाण न राहता संहितेच्या प्रभावाचे प्रमाण ठरते. आणि ही शक्यता खोडून काढायला केवळ संहिता कधीच पुरेशी नसते.

तरीही ढेऱ्यांच्या मांडणीतून एक मोलाची गोष्ट निष्पन्न होते. तीत खलनायक हळूहळू नाहीसा होतो. खान येतो आणि जातो. मूर्ती नेणारे हात भक्तांचे, लपवणारे भक्तांचे, परत न नेणारेही भक्तांचेच. हरवण्याची जबाबदारी आक्रमकाकडून सरकून आपल्याच काळजीकडे येते. या सिद्धान्ताला झालेल्या विरोधाचे एक कारण मला इथे दिसते. आपला ऐवज शत्रूने नेला हे ऐकणे समाजाला दुःखाचे असले तरी सोयीचे असते. तो जपताना आपल्याच हातून बदलला असेल, हे ऐकणे सोयीचे नसते.

६

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ग्रँट डफशी त्यांचा संबंध जोडला जातो. परंतु अफझलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, याला पुरावा नाही असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. ती आली तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. येथे वर्तुळ मोठे विचित्र फिरले आहे. खलनायकाला मारणारे शस्त्र म्हणून जी वस्तू मिरवली जाते, ती स्वतःच दुसऱ्या एका सत्तेच्या कोठारातील नग आहे. तिची ओळख अनिश्चित, तिचा परतावा तात्पुरता. आणि तरी ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या.

त्या रांगांना भाबडेपणा म्हणण्याने समीक्षेचे काम होत नाही. लोक पाहायला जातात ते पोलादाचे तुकडे नसतात, तर आपल्याकडून काहीतरी नेले गेले आहे ही जाणीव, तिला मिळालेला एक आकार. अभाव ही वस्तूची उणीव नसून कथेची गरज आहे, असे प्रॉपच्या पुढे जाऊन म्हणावे लागते. म्हणूनच वस्तू परत आल्यावरही तो संपत नाही. वस्तूच्या खरेपणाविषयीचा प्रश्न होऊन तो टिकून राहतो.

भीमातीरावरच्या या कथांनी आपल्याला दोन प्रकारच्या याद्या दिल्या आहेत. एकीत हत्ती, घोडे, उंट आणि हार आहेत. ती जेत्यासाठी असते आणि तिची बेरीज करता येते. दुसरीत देव आहेत आणि बंदिवासातील त्या सोळा सहस्र स्त्रियाही आहेत; तिच्यातील कोणालाही होते तसे परत करता येत नाही, केवळ नव्याने स्वीकारता येते. इतिहासलेखनाने पहिली यादी कितीही काटेकोर करावी, ते त्याचे कर्तव्यच आहे. पण पहिल्या यादीची भाषा दुसरीला लावून 'खरी मूर्ती कोणाकडे' असा दावा जेव्हा मांडला जातो, तेव्हा आपण नकळत विजयनगरच्या त्या न्यायासनावर बसतो, जिथे हाराची चोरी दिसते आणि देवाची दिसत नाही.