पोलीस तक्रार प्राधिकरण (महाराष्ट्र)
पोलीस तक्रार प्राधिकरण हे पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींची चौकशी करणारे महाराष्ट्रातील वैधानिक प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशांनंतर, २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद झाली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी इत्यादी तक्रारी त्याच्या कक्षेत येतात. राज्यस्तराखाली विभागीय प्राधिकरणांचीही तरतूद असून शिरूर तालुक्यातील इनामगाव पुणे विभागात मोडते.

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल शासनाकडे जातो. खोटा गुन्हाही ते रद्द करू शकत नाही. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ अन्वये, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ अन्वये. नव्या संहितेतील कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे असल्याने जुने निकाल वाचताना गल्लत होते.