मुंबईचे पाणी : विहिरीपासून धरणापर्यंत

आगगाडीने पाणी आणावे लागले असे म्हटले, की आपल्याला २०१६ सालचे लातूर आठवते. मिरजेहून टाक्या भरून गाडी निघायची आणि लातूरची माणसे स्टेशनाकडे डोळे लावून बसायची. परंतु महाराष्ट्रात हा प्रकार तेव्हा पहिल्यांदा घडला नव्हता. लातूरच्या आधी एकशे बासष्ट वर्षे, म्हणजे १८५४ साली, मुंबई बेटावर हेच घडले होते. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ मध्ये नुकती कुठे सुरू झालेली. विहिरी आणि तळी आटली, तेव्हा गुरेढोरे शहरातून माहीमकडे हलविण्यात आली. आणि होड्यांतून व आगगाडीतून आणलेले पाणी शहरातल्या विहिरींत ओतण्यात आले. आधी विहिरीत पाणी ओतायचे, मग लोकांनी ते पोहऱ्याने शेंदून न्यायचे! आज टँकरचे पाणी विहिरीत सोडताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ती रीत इतकी जुनी आहे.

नळ येण्यापूर्वी मुंबई पाणी पीत होती ती आपल्याच पोटातले. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावे आज बसच्या पाट्यांवर दिसतात, पण तेथे पाण्याचा थेंब नाही. ती खरोखरीची तळी होती. धनिक लोक पुण्य म्हणून ती बांधून देत. फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी तर १८२४ च्या सुमारास आपल्या मुगभाटातल्या बागेत विहिरी खोदून तेथून लोकांना पाणी पुरविले. मात्र १८४९ च्या गणतीत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या पुढे गेली. दात्याच्या पुण्याईवर एवढ्या माणसांची तहान भागेना, आणि १८५४ च्या टंचाईने सरकारलाही ते कळून चुकले.

मग हेन्री कॉनिबेअर नावाच्या अभियंत्याची योजना पुढे आली. साष्टीत, मिठी नदीच्या माथ्यावर, विहार येथे बांध घालायचा आणि लोखंडी नळाने पाणी शहरात आणायचे. काम १८५६ मध्ये सुरू झाले, १८६० मध्ये पुरे झाले. नगरासाठी नळाने पाणी आणण्याच्या आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या योजनांत तिची गणना होते. मुंबईकरांना वाटले, आता कायमची ददात मिटली.

ती किती वर्षे मिटली असेल? अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत माणसांचा लोंढा लोटला. १८६४ च्या गणतीत वस्ती आठ लाखांवर गेली. विहार अपुरे पडले. मग १८७९ मध्ये तुळशीचा तलाव पुरा झाला. तोही पुरेना, म्हणून १८९०-९१ च्या सुमारास घाईघाईने पवईचा बांध घातला. त्याचे पाणी इतके निकृष्ट निघाले, की पिण्यासाठी ते सोडूनच द्यावे लागले. घाईत केलेल्या योजनेचे असेच होते, असे मला वाटते. टंचाईच्या वर्षी खणलेली विहीर बहुधा चुकीच्या जागी निघते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

१८९२ मध्ये मात्र मुंबईने बेट आणि साष्टी दोन्ही ओलांडली. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध उभा राहिला आणि जंगले, खाड्या पार करीत नळ शहरापर्यंत गेले. माझे आजोबा गिरणीत होते. चाळीतल्या नळाला पाणी आले, की ‘तानसा आली’ असे बायका म्हणत, हे मी त्यांच्याकडून ऐकले आहे. तानसा कोठे आहे, हे मात्र त्या चाळीत फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो, ती इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. नळ आले तशी शहराने आपली जुनी पाणवठ्याची दौलत मोडीत काढली. हिवतापाची साथ होती. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी आपल्या अहवालात दाखवून दिले, की या रोगाचे डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतात. त्यानंतर विहिरी झाकण्याचा, बुजविण्याचा सपाटा सुरू झाला. धर्माचा प्रश्न आला तेथे लोक अडून बसले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर पारशी समाजाने श्रद्धेने जपली, ती आजही आहे. डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. माणसे तापाने मरत होती. परंतु झाकण घालून राखता आली असती अशीही पुष्कळ विहीर त्या भरात गेली, आणि पाणी म्हणजे दुरून येणारी वस्तू, ही समजूत शहराच्या अंगवळणी पडली.

पुढची कथा लवकर सांगून होते, कारण ती तीच ती आहे. १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण झाले; मुंबईचे नगर अभियंता मोडक यांचे नाव त्याला मिळाले, तेच मोडकसागर. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, नंतर भातसा, आणि २०१४ मध्ये मोखाड्याकडे शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा. तहान लागली की आणखी एक डोंगर ओलांडायचा, ही दीडशे वर्षांची रीत.

शिक्षक मित्रांनी वर्गात करून घ्यावा असा एक हिशेब येथे देतो. मुंबईला पिण्याचे पाणी देणारे तलाव सात. ते काठोकाठ भरले, तर पाणी होते सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज लागते सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर. भागाकार करून पाहा, उत्तर ३७१ दिवस येते. म्हणजे कणगी भरली तरी ती एकाच वर्षाची. शहाणा शेतकरी एक पाऊस चुकला तर म्हणून थोडे धान्य मागे ठेवतो. मुंबईच्या कणगीत पुढच्या सालासाठी जवळजवळ काही उरत नाही. दरवर्षी १ ऑक्टोबरला साठा मोजायचा आणि तो पुढल्या जुलैअखेर पुरवायचा, हा पालिकेचा शिरस्ता.

बरे, तलाव सात असले तरी ढग किती? अप्पर, मध्य आणि मोडकसागर हे तिन्ही एकाच वैतरणेवर. तानसा ही तिचीच उपनदी. भातसा शेजारच्याच खोऱ्यात, आणि एकूण साठ्याचा जवळजवळ अर्धा भाग तिच्या एकटीचा. विहार आणि तुळशी तर लहानच. एका बाजूचा पाऊस रुसला तर दुसरीकडून भागवू, अशी सोयच नाही. २००९ मध्ये पाऊस लांबला आणि जुलैत तीस टक्के पाणीकपात झाली. २०२० च्या ऑगस्टमध्ये वीस टक्के, २०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला दहा टक्के. २०२४ मध्ये धरणाच्या तळाशी राखून ठेवलेल्या पाण्यालाही हात घालावा लागला.

हवामान बदलते आहे म्हणजे पाऊस नाहीसा होतो आहे, असे कोणी समजू नये. तो वेळ पाळीत नाही, आणि आला की एकदम कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर आला तो मिठी नदीला. ज्या मिठीच्या माथ्यावर १८६० मध्ये शहराने आपले पहिले धरण पुरे केले, त्याच मिठीला! तिला नाला समजून शहराने दोन्ही काठ दाबून टाकले होते. पाणी माणसे घेऊन समुद्रात गेले.

या सगळ्यातून महानगरपालिका काहीच शिकली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविणे सक्तीचे झाले. २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आली. सक्तीने बसविलेली टाकी पुढे कोण साफ ठेवतो, हा प्रश्न राहतोच. मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात पूर आणि पाणी यांचा एकत्र विचार आहे. मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याची, रोज दोनशे दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. तिचे पाणी महाग पडेल, वीज खाईल. पण ते ढगावर अवलंबून नाही, हा तिचा गुण. गळती आणि चोरी यांत जाणारे पाणी तर चौथ्या हिश्शाहून अधिक धरले जाते. ते वाचविले तर एका नव्या धरणाहून जास्त पाणी हाती येईल. तरीही वाडा तालुक्यातल्या गारगाई धरणाची गोष्ट पुनःपुन्हा निघते. त्याने रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील. आणि तानसा अभयारण्यातले जंगल व काही आदिवासी गावे पाण्याखाली जातील.

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मोडकसागरही त्याच्या सीमेला लागून आहे. त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात गावापाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागत आले आहे. धरणे खाली, पाडे वर. पाणी उताराने मुंबईकडे जाते, चढून पाड्याकडे येत नाही. अलीकडे या गावांसाठी भावली धरणातून नळाने पाणी आणण्याची योजना निघाली. भावली घाटमाथ्यावर आहे, इगतपुरी तालुक्यात. म्हणजे अप्पर वैतरणेवर जे ढग येतात, त्यांच्याच वाटेवर.