पियानो घडविणारे हात

पियानोच्या सरावाने बोटांना वळण लागते, दोन्ही हात निरनिराळे चालू लागतात, मन एकाग्र होते, हे जाणकार सांगतातच. मी पडलो कामगारांत वावरणारा. मला तो घडविणाऱ्यांविषयी बोलायचे आहे.

१७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा मेदिची राजपुत्राच्या पदरी पगारी कारागीर होता. तेव्हाच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोराने, नाद जवळजवळ सारखाच. याने तारेवर हातोडी मारण्याची योजना केली. पण खरी करामत निराळीच आहे. आघात होताच हातोडी आपोआप मागे सरते, म्हणून तार मोकळी घुमते. बोटाचा जोर कानाला कळू लागला! ‘मृदू’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच वाद्याला नाव पडले. त्याचे तीनच पियानो आज उरले आहेत.

पुढे हे वाद्य अमेरिकेत गेले. तारा जाड झाल्या, ताण वाढला. १८२५ साली बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. आज मोठ्या पियानोतील तारांचा एकूण ताण २० टनांच्या घरात जातो. दिवाणखान्यातल्या या वस्तूच्या पोटात सुताराशेजारी ओतारीही बसला आहे.

या मंडळींना स्वतः वाजवायला फुरसत कुठली? १८७२ साली न्यूयॉर्कमध्ये आठ तासांच्या दिवसासाठी मोठा संप झाला. त्यात स्टाइनवेच्या कारखान्यातले कामगारही उतरले. पोलिसांचा बंदोबस्त आला. बांधकामातल्या अनेकांच्या पदरी आठ तास पडले. पियानोवाले मात्र दहा तासांवरच कामाला परतले.