नवी मोटार आणि जुनी नजर

यवतमाळच्या बाजारांत नव्या घाटाची मोटार येऊन उभी राहिली, कीं तरुण तिच्या ऐटीचें कौतुक करतो आणि वडीलधारा मान हलवून म्हणतो, "हिला काय रूप आहे? रूप होतें तें फियाटला!" हा वाद आजचा नव्हे.

आरंभीची मोटार म्हणजे घोडा सोडलेली बग्गीच होती. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. त्यांतील १९१४ ते १९२५ या काळांत तिला काळ्यावांचून दुसरा रंग नव्हता. १९२७ मध्यें जनरल मोटर्सनें केवळ रूपरंग पाहणारा स्वतंत्र विभाग काढला, आणि जुनी मोटार चालत असतांही नवी घ्यावीशी वाटावी, अशी योजना सुरू झाली. १९३४ सालीं क्रायस्लरनें वारा सहज कापणारी, वाटोळ्या अंगाची 'एअरफ्लो' आणली. लोकांनीं नाकें मुरडलीं व १९३७ मध्यें ती बंद पडली. पण पुढें तेंच वाटोळेपण इतरांनींही उचललें.

आपल्याकडे उलट घडलें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ मध्यें निघालेली फियाट, १९७४ पासून 'पद्मिनी' हें नांव घेऊन, शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ त्याच बांध्यानें धांवली. परवान्यांच्या त्या काळांत स्पर्धा थोडी, म्हणून रूप पालटण्याची निकडही नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हां अनेकांना वाईट वाटलें. तो गहिंवर सौंदर्यापेक्षां सवयीचा होता.

मग वडीलधाऱ्यांचें मत निकालांत काढावें काय? तसेंही नव्हे. आजची मोटार पुन्हां उंच झाली आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या चिखलांतून जाणाऱ्या दमणीचीं चाकेंही उंच असत. पण ती उंची रस्त्यानें मागितलेली होती. आजच्या मोटारीचें उंच, उभें बॉनेट मात्र पुष्कळदां रुबाबासाठींच असतें. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या मोटारींची धडक पादचाऱ्याला, ठेंगण्या व उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षां, सुमारें ४५ टक्के अधिक प्राणघातक आढळली.

म्हणून नवी मोटार दारीं आली, तर ती सुंदर आहे काय, हें मागाहून विचारावें. त्याचें उत्तर वीस वर्षांनीं बदलणारच आहे. आधीं शाळेंतून घरीं परतणाऱ्या मुलाच्या उंचीवरून तिच्याकडे पाहावें.