तारखात्याचा विशेषाधिकार

तिन्हीसांजेला दाराशी सायकल टेकवून खाकी पोषाखातल्या माणसाने 'तार' एवढा एकच शब्द उच्चारला की लिफाफा फुटण्यापूर्वीच घरातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावावा, ही रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली होती. इंग्रजी वाचू शकणारा शाळामास्तर वा तलाठी शोधून आणीपर्यंत तो कागद कोनाड्यात तसाच पडून राही, आणि वाचल्यावर त्यातून बहुधा 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' हे चार शब्दच बाहेर पडत. त्यातल्या 'सीरियस'चा अर्थ 'गेला' असाच घ्यावयाचा असतो, हे ज्याचे त्याला कळत असे. लग्नाच्या शुभेच्छा आणि नोकरीची बोलावणीही तारेनेच येत. तरी भय गेले नाही. मला वाटते की त्या भयात मृत्यूइतकाच सरकारचाही वाटा होता. घरात येणारी ही वस्तू मुळात आपल्यासाठी निर्माण झालेलीच नव्हती, ही जाणीव लोकांना इतिहास न वाचताही होती. आणि इतिहास वाचणाऱ्यास ती सर्वस्वी यथार्थ असल्याचे आढळून येते.

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारा विल्यम ओशॉघ्नेसी हा शल्यवैद्य या देशातील तारायंत्राचा जनक होय. 1839 साली त्याने कलकत्त्याजवळ स्वतःच्या खटपटीने तारेचे प्रयोग करून पाहिले, परंतु कंपनी सरकारने त्यांची दखल घेतली ती गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकीर्दीत, आणि 1851 साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान बंदराच्या कामासाठी तार सुरू झाली. बारीक तारेऐवजी त्याने जाड लोखंडी सळ्या वापरल्या, कारण माकडे, पक्षी आणि पावसाळा या तीन शत्रूंची गाठ विलायतेतील पुस्तकांना पडलेली नव्हती. 1853 च्या अखेरीस कामास जोर चढला, पुढच्या वर्षी कलकत्त्याहून निघालेली तार आग्र्यावरून मुंबईस पोहोचली, आणि 1855 च्या फेब्रुवारीत पैसे मोजणाऱ्या रयतेसही तारघराचे दार उघडले. पण दोनच वर्षांनी, 1857 च्या मे महिन्यात, दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेल्या संदेशाने पंजाबातील गोऱ्या अंमलदारांस वेळीच सावध केले, आणि त्या दिवसापासून तारेचा खांब हा सरकारच्या लेखी तोफखान्याच्या बरोबरीचा ठरला. बंडवाल्यांनीही ते ओळखले होते, म्हणूनच ठिकठिकाणी त्यांनी प्रथम हात घातला तो तारेला.

या अनुभवाचे कायदेशीर सार म्हणजे 1885 चा तेरावा कायदा, ज्याला पुढे सर्वत्र 'इंडियन टेलिग्राफ अॅक्ट' म्हणून ओळखले गेले. त्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा, राखण्याचा आणि चालविण्याचा अनन्य विशेषाधिकार सरकारकडे घेतला आणि इतर कोणास तो हवा असल्यास सरकारी परवाना घेण्याचे बंधन घातले. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत कोणाचाही संदेश अडविण्याची व उघडण्याची मुभा सरकारास दिली. मूळ मसुदा खांब आणि तारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असला, तरी 'तार' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की टेलिफोन, बिनतारी यंत्र, टेलेक्स आणि शंभर वर्षांनी खिशात मावणारा फोन, हे सारे क्रमाक्रमाने तिच्या पोटात सामावत गेले. या देशातील दूरसंचाराच्या इतिहासात यंत्रे अनेक वेळा बदलली. पण कायद्यातील हे चौथे कलम मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या जागी ठाम उभे राहिले. ज्यास या धंद्याचे व्यवस्थापन समजून घ्यावयाचे असेल त्याने यंत्रांपूर्वी हे कलम वाचावे, असे माझे मत आहे.

परवान्याची सोय या कायद्यापूर्वीही होती, आणि तिचा लाभ घेऊनच खाजगी कंपन्यांनी 1882 साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोनची मध्यवर्ती ठाणी उघडली. मुंबईत कापसाच्या बाजारापासून फोर्टातील पेढ्यांपर्यंत तारा पसरल्या, परंतु त्या पेढ्यांच्या जाळ्याबाहेरच्या शहरास त्यांचा उपयोग नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1943 साली, या तिन्ही शहरांतील टेलिफोन कंपन्या सरकारने आपल्याकडे घेतल्या. परवाना ज्याने दिला त्याने तो परत घेतला, इतकेच.

समुद्रापलीकडच्या दळणवळणाची कथा मात्र आपल्या पुणे जिल्ह्याशी बांधलेली आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी केबल अंथरली, आणि तेव्हापासून विलायतेचे भाव, बातम्या व हुकूम त्या केबलवाटे येऊ लागले. तिच्या चढ्या दरांना पहिला धक्का बसला तो 1927 साली, जेव्हा बिनतारी 'बीम' यंत्रणा सुरू झाली आणि तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीस, तर ग्रहण केंद्र दौंडास उभे राहिले. खडकीच्या मनोऱ्यांवरून निघालेले शब्द लंडनकडे आणि लंडनचे शब्द दौंडाकडे, अशी ती विभागणी होती. कारण बोलणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र शेजारी ठेवले तर स्वतःच्याच आवाजाने बहिरे व्हावयाची पाळी येते. बिनतारी संदेश स्वस्त पडत असल्याने केबलवाल्यांची प्राप्ती घसरू लागली, आणि त्यावर साम्राज्याने शोधलेला तोडगा असा की दोन प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रीकरण करून टाकावे! हिंदुस्थानात 1932 साली तसे एकत्रीकरण झाले, 1933 साली येथून लंडनशी प्रत्यक्ष बोलण्याची सोय झाली, आणि 1947 च्या 1 जानेवारीस हा सारा पसारा सरकारने ताब्यात घेतला.

स्वातंत्र्य आले तेव्हा या देशात टेलिफोनची संख्या सुमारे 80,000 होती, म्हणजे चार हजारांहून अधिक माणसांमागे एक यंत्र. बंगळुरास 1948 साली 'इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज' हा कारखाना निघाला. विलायती कंपनीच्या साहाय्याने तेथे टेलिफोन आणि स्ट्रॉजर पद्धतीची ठाणी तयार होऊ लागली. पंचवार्षिक योजनांत पोलाद, धरणे आणि वीज यांची पंगत आधी बसली आणि टेलिफोनला उरलेल्या पानावर बसावे लागले. त्या काळाच्या नियोजनकर्त्यांना मी सर्वस्वी दोष देणार नाही. ज्या देशात अन्नधान्याची बोट बंदरात लागण्याची वाट पाहिली जाते तेथे कोणीही प्रथम टेलिफोन वाटणार नाही. दोष आहे तो यात की टंचाई अपरिहार्य असलेल्या काळात जे दप्तर बसविले गेले, ते टंचाई ओसरण्याजोगी झाल्यावरही तिच्याच आधारे जगू लागले.

ती टंचाई घराघरांत कशी नांदत होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'ट्रंक' हा शब्द पेटी म्हणून आठवत नाही. तालुक्याच्या तारघरात जाऊन ट्रंक कॉल नोंदवावयाचा, साधा, तातडीचा की 'लायटनिंग' हे ठरवावयाचे, ज्याच्याशीच बोलावयाचे त्याचे नाव देऊन 'पी.पी.' लिहावयाचे, आणि मग बाकड्यावर बसून राहावयाचे. तातडीच्या बोलण्यास साध्याच्या दुप्पट आणि लायटनिंगला आठपट आकार पडे, त्यामुळे शेवटचा शब्द घरात कोणी मरणपंथास लागल्याखेरीज कोणाच्या तोंडून निघत नसे. तासा-दोन तासांनी खिडकीतून 'सातारा, बोला!' अशी हाक आली की सारे तारघर आपोआप स्तब्ध होई, बोलणारा ओरडून बोले, त्याचे घरगुती दुःख पोस्टातील सर्वांना कळे, आणि तीन मिनिटे संपता संपता मधली बाई वेळ झाल्याची सूचना देई. शहरात दुसराच प्रकार. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी यंत्र असे, आणि तीस-चाळीस बिऱ्हाडांची माणसे आपल्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर त्याचा क्रमांक छापून पुढे कंसात 'पी.पी.' असे लिहीत. दुपारी झोपमोड सोसून 'अहो, तुमच्या भाच्याचा फोन आहे' म्हणून जिना चढणाऱ्या त्या शेजारणीस टेलिफोन खात्याने खरे तर पगार द्यावयास हवा होता.

या 'पी.पी.'चा एक परिणाम अभियंत्यांनाही उशिरा उमगला. विलायतेत एका यंत्रावर एक कुटुंब बोले. येथे एका यंत्रावर एक वाडा बोले. 1960 नंतरच्या दशकात बेल्जियन तंत्राची 'क्रॉसबार' ठाणी आणली गेली, ती मुळात पश्चिमेकडील सौम्य वापरासाठी रचलेली होती. आपल्याकडील गर्दीचे ओझे त्यांना पेलले नाही. क्रमांक फिरवूनही ध्वनी न येणे, भलत्याच घरी लागणे, आणि दोन अनोळखी माणसांच्या व्यवहारात तिसऱ्याचे कान नकळत शिरणे, ज्यास सर्व शहर 'क्रॉस कनेक्शन' म्हणून ओळखू लागले, हे त्याचेच फळ. म्हणजे यंत्रांची टंचाई होती म्हणून यंत्रांवर भार पडला, आणि भार पडला म्हणून जी यंत्रे होती तीही निकामी झाली.

दप्तराचा जमाखर्चही याच धाटणीचा होता. टपाल आणि तार ही एकाच खात्याची दोन अंगे असल्याने तार अंगात मोडणाऱ्या टेलिफोनकडून होणारी शिल्लक टपालाची तूट भरण्यात खर्ची पडे. पाच पैशांच्या कार्डाचे नुकसान टेलिफोनवर बोलणारा सोसे, आणि टेलिफोनसाठी अर्ज करणारा वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत बसून राही. मोठी अनामत आगाऊ भरण्याची 'ओ.वाय.टी.' योजना, खासदारांना शिफारशीसाठी दिलेला वाटा, डॉक्टरांची आणि सरकारी अंमलदारांची वेगळी यादी, असे अनेक मार्ग त्या यादीच्या बाजूने निघत, आणि ते सारे कुठे ना कुठे वशिल्याच्या दारात मिळत. दिवाळीला लाइनमनच्या हातावर काही ठेवावयाचे, हे तर घरच्या गड्याच्या पोस्ताइतके रूढ झाले होते. सरकारनेच नेमलेल्या एच. सी. सरीन यांच्या समितीने 1981 च्या सुमारास या खात्याची झाडाझडती घेतली आणि कारभाराची पुनर्रचना सुचविली. 1985 साली टपाल आणि दूरसंचार यांचे जमाखर्च वेगळे झाले, आणि 1986 च्या 1 एप्रिलपासून मुंबई व दिल्ली येथील टेलिफोन 'महानगर टेलिफोन निगम'कडे आणि परदेशी दळणवळण 'विदेश संचार निगम'कडे गेले. खात्यास प्रथमच स्वतःची तिजोरी मिळाली.

मधल्या काळातील एक विरोधाभास मला राहून राहून आठवतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे 1971 च्या फेब्रुवारीत उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. हिंदी महासागरावरील उपग्रहामार्फत परदेशांशी बोलण्याची सोय झाली. तेथली ती प्रचंड तबकडी आकाशाकडे तोंड करून अंतराळाची कुजबूज टिपत असता, सभोवतालच्या ज्वारी-कांद्याच्या शिवारांतल्या खेड्यांत साधा टेलिफोन दुर्मिळच होता. खडकी-दौंड ते आर्वी, म्हणजे पुणे जिल्ह्याने जगाशी संधान बांधले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा स्वतःशी बोलण्याची सोय राहून गेली.

ती सोय ज्या यंत्राने केली त्याची जन्मकथा 1984 सालची. त्या वर्षी दूरसंचार अभियंते सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली, 36 महिने आणि 36 कोटी रुपये अशी मुदत व मर्यादा ठरली, आणि 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे पहिले ग्रामीण स्वयंचलित ठाणे सुरू झाले. 128 लाइनींची ती पेटी वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालावी, हीच तिची खरी कामगिरी. विलायती यंत्रांच्या खोलीसाठी आधी थंड हवेची तजवीज करावी लागे, मग यंत्राची. त्याच सुमारास गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी.ची दुकाने उभी राहिली, आणि त्यांचे परवाने अनेकदा अपंगांना व बेकारांना मिळाले. काचेच्या कोठडीतील यंत्राशेजारी लाल आकडे चढत जाणारा मीटर, बाहेर रात्रीचा दर उतरण्याची वाट पाहणारी रांग, आणि शेवटी कागदाच्या पट्टीवर छापून निघणारा हिशेब: एका पिढीने गावाशी बोलणे केले ते असे. 'टेलिफोन घेणे' आणि 'टेलिफोन वापरणे' या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे खात्यास जे शंभर वर्षांत सुचले नाही ते या दुकानदारांनी दाखवून दिले.

त्यापुढील इतिहास वाचकांच्या आठवणीतील आहे, म्हणून मी तो आटोपता घेतो. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना वाट दिली. 1995 च्या 31 जुलैस पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हे या देशातील पहिले मोबाईल बोलणे. परवाने त्या जुन्या चौथ्या कलमाखालीच दिले गेले. बोली लावणाऱ्यांनी इतक्या चढ्या रकमा कबूल केल्या की 1999 च्या नव्या धोरणाने ठोक रकमेऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची सवलत द्यावी लागली. 1997 साली स्थापन झालेल्या नियामक प्राधिकरणाच्या कारकीर्दीत, 2003 साली, येणाऱ्या फोनचे पैसे देणे बंद झाले, आणि मग टेलिफोनवाल्यांची संख्या अभूतपूर्व वेगाने वाढली. 2012 च्या 2 फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणातील 122 परवाने रद्द केले तेव्हा, विशेषाधिकार ज्याच्या हाती त्याने तो कसा वापरावा, या प्रश्नाचा निकाल न्यायालयाला द्यावा लागला. सरकारी खात्याचे 2000 च्या 1 ऑक्टोबरपासून 'भारत संचार निगम' झाले होते. त्याच्या आधीच्या शतकाचा तोल सावरण्याचे काम त्यास कितपत जमले, ते ग्राहकांनी सांगावे.

2013 च्या 14 जुलैस तारेची सेवा बंद झाली. त्या दिवशी ठिकठिकाणच्या तारघरांपुढे रांगा लागल्या, आणि जिची आयुष्यभर धास्ती बाळगली ती तार एकदा हौसेने पाठवून पाहावी म्हणून माणसे स्वतःच्याच पत्त्यावर संदेश देत होती. 1885 च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा 2023 च्या डिसेंबरात संसदेने संमत केला. त्यात 'अनन्य विशेषाधिकार' हे शब्द नाहीत, मात्र दूरसंचार सेवा देण्यास केंद्र सरकारची परवानगी पूर्वीइतकीच आवश्यक आहे.